तीन वाजून दहा मिनिटांचा ताप

बुद्धभूषण उबाळे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा विठ्ठलवाडीच्या एस.टी. डेपोतली तीन कुत्री, एक कंडक्टर आणि मी असे पाच जीव एकाच दिशेने पळालो होतो. कंडक्टर तर स्वतःची गाडी सोडून पळाला.

मे महिना होता. ऊन किती, तर डेपोतल्या वितळलेल्या डांबरात एका गृहस्थांची चप्पल रुतली होती आणि ती तिथेच सोडून ते उड्या मारत घरी गेले होते. अशा भर दुपारी समोरून एक इसम आला. अंगात दोन स्वेटर, त्यावर जाकीट, कानटोपी, मफलर, हातमोजे. भुवयांवर पांढरं दव. तोंडातून वाफ. छातीशी थर्माकोलची पांढरी पेटी, अस्थिकलश धरावा तशी धरलेली. रसवंतीवाल्याच्या गाड्यावरून तो गेला तेव्हा बर्फाच्या लादीने वितळणं थांबवलं, हे मी शपथेवर सांगतो.

"सर, बदलापूरची गाडी गेली का?" त्याने मला गाठून विचारलं.

"गेली," मी म्हणालो. गाडी माझ्या पाठीशीच उभी होती, पण तिच्यात मला बसायचं होतं.

तो आत चढला आणि नेमका माझ्या शेजारी बसला. अंबरनाथ येईपर्यंत आमच्या पुढच्या बाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि मागच्यांनी खिडकी लावली. मी धीर करून विचारलं, "आपण कुठून आलात?"

"कल्याणच्या कोल्ड रूममधून," तो म्हणाला. "कपडे काढायला वेळ नव्हता. पेटी आधी."

असा हा माणूस. वय बावन्न, राहणार विठ्ठलवाडी, उल्हासनगरातल्या मुकेशशेठच्या फर्ममध्ये सव्वीस वर्षं नोकरी. फर्म परदेशातून औषधं आणि हॉस्पिटलचं सामान मागवते. मागवण्याचं काम मुकेशशेठ करतात, म्हणजे फोनवर "हां साईं, मंगा लो" एवढं म्हणतात. तिथून पुढे माल विमानात चढला की नाही, कुठल्या देशात उतरवून ठेवला, कस्टममधून कुठला कागद परत आला, टेम्पो कुठे बंद पडला, हे सगळं उबाळ्यांच्या डोक्यात. मालाला ते माल म्हणत नाहीत. "आजीबाई दोह्यात बसल्यात", "जुळी उद्या उतरतायत", असं घरच्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. त्यांच्या पत्नी शीलावहिनींना लग्नानंतर सहा महिने वाटत होतं की सासरचे नातेवाईक फारच फिरतीवर असतात.

फर्मचा पत्ताही त्यांच्याइतकाच विचित्र. सगळे परवाने फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या एका बराकीच्या नंबरावर आहेत आणि ती बराक पाडून अठरा वर्षं झाली. तिथे आता सात मजले उभे आहेत, पण उल्हासनगरात बराक जाते आणि नंबर राहतो. एकदा एका नव्या अधिकाऱ्याने फाइल परत पाठवली : अशी जागाच अस्तित्वात नाही. उबाळ्यांनी इमारतीच्या जिन्याखाली शिरून बराकीच्या जोत्याचा उरलेला दगड शोधला, त्यावरचा जुना नंबर ओल्या फडक्याने पुसून काढला आणि शेजारी उकिडवं बसून फोटो पाठवला. तो फोटो मी पाहिला आहे. अंधारात एक दगड, एक आकडा आणि बॅटरीच्या उजेडात उबाळ्यांचा चेहरा. फाइल त्याच दिवशी मंजूर झाली. मीही मंजूर केली असती.

दिसायला असे असले तरी भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "आमच्यात भूत चालत नाही, सर," असं ते म्हणतात, एखाद्या दुकानात कार्ड चालत नाही म्हणावं तसं. घरात बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकांचं कपाट, आणि दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणं. एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे जिज्ञासाची पेटी.

जिज्ञासा बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहते. सव्वीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते. तिच्या शरीरात एक द्रव्य तयारच होत नाही. ते दर पंधरा दिवसांनी शिरेतून द्यावं लागतं, आणि ते जर्मनीहून येतं. नाही मिळालं तर स्नायू एकेक करून काम सोडतात. आधी जिना, मग खुर्चीतून उठणं, मग श्वास. गेल्या सप्टेंबरात तिचे दोन डोस हुकले होते आणि तिला जिना चढवेनासा झाला होता. औषध दोन ते आठ अंशांत राहायला हवं. पेटीत एक छोटं यंत्र असतं. ते दर पाच मिनिटांनी तापमान लिहितं आणि उबाळ्यांच्या फोनवर पाठवतं. आठच्या वर एकदा जरी आकडा गेला तरी त्याचा हिरवा दिवा लाल होतो. तो पुन्हा हिरवा करायची सोय नाही. लाल दिव्याचं औषध हॉस्पिटल घेत नाही.

तर ही पेटी जर्मनीहून निघाली आणि वाटेत दोह्याच्या विमानतळावरच राहिली. पुढचं विमान तिला न घेता उडालं. आतला बर्फ पाच दिवसांचा. उबाळ्यांनी दोह्याच्या गोदामातला एक केरळी गृहस्थ फोनवर पकडला आणि त्याच्याकडून पेटी थंड खोलीत हलवून घेतली, बर्फ बदलून घेतला. तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ उबाळ्यांना मुलीच्या साखरपुड्याचे फोटो पाठवत होता. पेटी सहार विमानतळावर उतरली, तर परवान्यात सहा बाटल्या आणि बिलात तीन खोकी. सहा की तीन? एका खोक्यात दोन बाटल्या असतात हे उबाळ्यांनी तोंडी सांगितलं, ते चाललं नाही. शेवटी तीन दुणे सहा असं डॉक्टरच्या सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावं लागलं. पंचवीस सप्टेंबरला पेटी सुटली आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या मुकेशशेठच्या कोल्ड रूममध्ये आली. हॉस्पिटलात जिज्ञासासाठी खाट मिळाली होती तीन ऑक्टोबरची, शुक्रवारची. आठ दिवस पेटीने गप्प पडून राहायचं, एवढंच उरलं होतं.

ती गप्प पडून राहिली नाही.

रविवारी उबाळे बदलापुरात माझ्या शिरगावच्या घरी आले आणि चहाला हात न लावता त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर तापमानाची सरळ रेघ होती. फक्त रोज एका ठिकाणी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, रेघ अर्ध्या अंशाने उठत होती, थोडा वेळ तशीच राहत होती आणि खाली बसत होती. चार दिवस. रोज तीन दहा.

"कोणी दार उघडत असेल," मी म्हणालो.

"दाराची नोंद वेगळी असते. दार बंद आहे. पेटीचं सील शाबूत आहे. आणि शेजारच्या पेट्यांना काही होत नाही. फक्त हिलाच."

"मग?"

"म्हणून तर तुम्हाला न्यायला आलोय. उद्या तीनला."

"मला कशाला?"

"तुम्ही घाबरट आहात. काही वावगं असलं तर तुम्हाला आधी कळेल."

दुसऱ्या दिवशी मी उबाळ्यांचा दुसरा स्वेटर घालून त्या खोलीत शिरलो. खोली सांभाळतात कोंडाजीमामा, बदलापूरपलीकडच्या गावातले, वय साठ. त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि जाड दार बाहेरून लोटलं. दाराबरोबर बाहेरचं सगळं जग बंद झालं. टेम्पो, शिट्ट्या, कावळे, काही नाही. फक्त तळव्यांना जाणवणारी मशीनची घरघर आणि आमच्या दोघांच्या तोंडच्या वाफा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पेट्या ओळीने झोपलेल्या. प्रत्येकीवर एक हिरवा ठिपका. ते ठिपके आपल्याकडे बघत असतात असं वाटायला अर्धं मिनिट पुरतं.

जिज्ञासाची पेटी कोपऱ्यात होती. तिच्यावर चार पूर्णांक सहा. शेजारच्या पेटीवरही चार पूर्णांक सहा. आम्ही उकिडवे बसलो. तीन आठ. तीन नऊ. माझ्या मफलरच्या आत घाम फुटला होता.

तीन वाजून दहा मिनिटं. चार पूर्णांक सात. मग आठ. मग नऊ. शेजारची पेटी जागची हलली नाही.

उबाळ्यांनी हातमोजा काढला आणि पेटीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मला म्हणाले, "हात लावा."

मी लावला. गरम नव्हती. पण थंडही नव्हती. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवला तर लागेल तशी लागली. आणि मी हात काढणार तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. काचेला काच लागावी तसा, एकदाच.

बाहेर आल्यावर मी पुढची दहा मिनिटं अंबरनाथच्या धुराला मनापासून चांगलं म्हणत होतो. उबाळ्यांनी मात्र फोन लावला, जिज्ञासाच्या आईला, मालिनीताईंना.

"ताई, कशी आहे?"

"झोपलीय, दादा. दुपारचा रोज बारीक ताप येतो हो तिला. तीनच्या पुढे. आताच अंग गरम लागलं म्हणून हात ठेवला तर कुशीवर वळली."

उबाळ्यांनी फोन खिशात ठेवला.

"योगायोग," ते म्हणाले. पण फोन पुन्हा काढून त्यांनी तीन दहाचा गजर लावला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, या बुद्धिवादी माणसाची दुपार पाहण्यासारखी होती. तीन दहाला रेघ उठली, मालिनीताईंना फोन. "ताप?" "आहे, दादा." रेघ बसली, पुन्हा फोन. "उतरला?" "आत्ताच. तुम्हाला कसं कळलं?" शेवटी मालिनीताईंनी विचारलं की दादा, उद्याचं आधीच सांगता येईल का, म्हणजे पेज करून ठेवते. उबाळे म्हणाले, आमच्यात भविष्य चालत नाही.

बुधवारी खंडेनवमी होती. उबाळे आणि शीलावहिनी दुपारी चारच्या विशेष गाडीने नागपूरला निघणार होते. शुक्रवारी पेटी हॉस्पिटलात पोचवायला दुसरा माणूस ठरला होता. दोघं कल्याणच्या फलाटावर बसले होते, वळकटी, डबे, शेजारपाजारची पंधरा माणसं. उबाळ्यांच्या हातात फोन. तीन दहाला रेघ उठली. पाच पूर्णांक एक. नेहमीचंच, म्हणून त्यांनी वहिनींना केळी आणून दिली. परत येऊन बघतात तर पाच पूर्णांक सहा. मग सहा. मग सहा पूर्णांक दोन. आज पोरीला ताप जास्त दिसतो, असं त्यांच्या मनात आलं. हा विचार आपण केला याची त्यांना अजून लाज वाटते. तब्बल दहा मिनिटं गेली त्यात.

मग त्यांनी फोन लावला. "ताई, ताप फार आहे का?"

"नाही, दादा," मालिनीताई आनंदाने म्हणाल्या. "आज आलाच नाही. उठून बसलीय, वह्या तपासतेय."

उबाळे मला सांगतात की त्या फलाटावर, हजार माणसांत, कोणीतरी त्यांच्या मानेवर बर्फाचा खडा ठेवला असं वाटलं. पोरगी बरी आहे आणि पेटी तापलीय. म्हणजे तिथे खरंच काहीतरी झालंय. अंबरनाथचा फोन कोणी उचलेना. त्यांनी मला फोन केला.

"स्कूटर काढा. तुम्ही बदलापुरात आहात, पंधरा मिनिटांत पोचाल. मी निघतोच."

मी पोचलो तेव्हा गेट उघडं होतं. झेंडूच्या पाकळ्यांची एक रेघ गेटपासून आत गेली होती. आवारात माणूस नाही. आणि आवाज नाही. ती तळव्यांना लागणारी घरघर नव्हती. सोमवारी तो आवाज केवढा होता हे मला तो नसल्यावर कळलं. कोल्ड रूमचं दार बोटभर उघडं. मी आत डोकावलो. दिवे बंद. काळोखात हिरव्या ठिपक्यांच्या दोन ओळी, आणि कुठूनतरी उदबत्तीचा वास. एकेका पेटीवरून पाणी टपकत होतं, टप, टप, जरा थांबून पुन्हा टप. सगळ्या पेट्या मिळून कसलीतरी वाट बघत होत्या.

"कोन हाय?" पाठीमागून आवाज आला, आणि मी जागच्या जागी सुमारे एक फूट उंच झालो.

कोंडाजीमामा. धुतलेला शर्ट, कपाळाला टिळा. त्यांच्या मागे मशीन उभं होतं: हळदकुंकवाची बोटं, फुटलेला नारळ, दोन हात लांब झेंडूचा हार. आणि मुख्य बटण खाली.

"मामा, मशीन बंद?"

"आज नवमी नाय का? बारा वाजता पूजा केली. वरीसभर राबते ती. येक दिस तिला इसावा नको?"

दरवर्षी ते असंच करतात. मशीनं दोन आहेत. एकाला विसावा, तेव्हा दुसरं चालू. या वर्षी दुसरं दुरुस्तीला गेलं होतं. मामांनी मन लावून विचार केला होता: पेट्यांत बर्फ असतोच. शिवाय आतल्या पंख्यालाही हळदकुंकू लावायचं, म्हणून दार तासभर उघडं होतं. धोक्याची घंटा त्याच बटणावर, त्यामुळे तीही विसाव्यात.

"मामा, चालू करा. आत्ता. उबाळ्यांच्या फोनवर आकडा सात झालाय."

"उद्याला करीन. आज हत्याराला हात नाय लावाचा. माझे बापाशीनं नवमीला कोयता उचलला, त्याचा आंगठा गेला. ही मशीन तं आक्खा हात घेल."

मी शिकलेला माणूस. मी बटणापर्यंत गेलो. त्यावर ताजं कुंकू होतं, ओलं. माझा हात वर उठेना. मी मामांकडे पाहिलं, मामांनी माझ्याकडे. आम्ही दोघं त्या गप्प मशीनसमोर नवस फेडायला आल्यासारखे उभे राहिलो. लाज वाटते सांगायला, पण तसंच उभे होतो.

उबाळे रिक्षातून उतरले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी फोन दाखवला. सात पूर्णांक आठ.

"मामा, तुम्ही हात लावू नका," ते शांतपणे म्हणाले. "मला चालतं. मी लावतो."

"आन तुमाला काय झाला तं?"

"तर तुम्ही गावभर सांगा, उबाळ्यानं ऐकलं नाही."

"आवं, ते तं मी सांगनारच!"

उबाळ्यांनी बटण वर केलं. काही झालं नाही. मशीन लगेच सुरू होत नाही. वीज आल्यावर तीन मिनिटं थांबतं. हे उबाळ्यांना माहीत होतं, मामांना माहीत होतं, मला नव्हतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब तीन मिनिटं. मामा पुटपुटत होते. उबाळे आत पेटीजवळ बसले होते, तळवा तिच्यावर, आणि आम्ही दोघं त्यांच्या मागे. सात पूर्णांक नऊ. काळोखात कुठेतरी टप.

मग जमीन थरथरली, मशीन गरजलं, हार पंख्यात ओढला गेला आणि क्षणात तुकडे तुकडे होऊन उघड्या दारातून आमच्या तिघांवर झेंडू बरसला. मामांनी डोळे मिटून उबाळ्यांचा उजवा हात घट्ट धरला. तो आहे याची खात्री करून मग सोडला.

सात पूर्णांक नऊ वीस मिनिटं जागचा हलला नाही. मग सात पूर्णांक आठ झाला. दिवा हिरवा होता.

शीलावहिनींचा फोन आला. "गाडीने कसारा सोडलं. तुमची जागा एका आजींना दिली."

"बरं केलंस."

"पेटी?"

"आहे."

"मग तोंड का पाडलंय?"

"तुला कुठे दिसतंय?"

"पंचवीस वर्षांच्या संसारानंतर दिसायची काय गरज?"

ते दोन दिवस उबाळे त्या खोलीच्या दाराशी बसून होते. दसऱ्याला सकाळी तिथेच, हात जोडून त्रिसरण म्हणाले. मामांनी बाहेर आपट्याची पानं ठेवली होती, ती त्यांनी घेतली आणि मामांना मिठी मारली. आतल्या आत दोघंही एकमेकांवर चिडलेले होते, पण मिठी चांगली झाली.

शुक्रवारी पेटी मांडीवर घेऊन उबाळे स्वतः बदलापूरला हॉस्पिटलात गेले. नर्सने दिवा पाहिला, यंत्र पाहिलं, सही केली. औषध थेंब थेंब जिज्ञासाच्या हातात उतरताना तिने उबाळ्यांना विचारलं, "काका, प्रवासात काही अडचण आली का?"

"नाही," उबाळे म्हणाले. "तीन दुणे सहा सिद्ध करायला थोडा वेळ लागला."

उरलेल्या चार बाटल्या पेटीतूनच अंबरनाथला परत आल्या, त्याच कोपऱ्यात. त्या दिवसापासून तीन दहाची रेघ पुन्हा कधी उठली नाही. जिज्ञासाचा दुपारचा तापही थांबला. मी उबाळ्यांना एकदा विचारलं की हे नेमकं काय होतं.

"योगायोग," ते म्हणाले, आणि फोन काढून तीन दहाची रेघ बघितली.

जानेवारीपासून जिज्ञासाला ते औषध हॉस्पिटलातूनच मिळतं. थंड पेट्यांचं काम उरलं नाही, म्हणून मुकेशशेठनी अंबरनाथची कोल्ड रूम सोडून दिली. उबाळे सध्या दाराच्या बिजागऱ्या आयात करण्याचे कागद बघतात.